पित्ताची तारीख

साक्षी रंगारी दर महिन्याला तीन दिवस खोटं बोलायची, आणि त्या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

छत्तीसगड वेगळं राज्य होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. रायपूरला राजधानीचा मान मिळाला होता, जागा मात्र अजून मिळायच्या होत्या. साक्षी ज्या संचालनालयात कॉम्प्युटरवर पत्रं टाइप करायची, ते एका भाड्याच्या बंगल्यात होतं. आवक-जावक विभाग स्वयंपाकघरात होता, लेखा विभाग देवघरात, आणि न्हाणीघरात भोपाळहून आलेल्या फायलींचे गठ्ठे रचलेले होते. फायलींबरोबर भोपाळहून आलेले अधीक्षक श्यामकांतबाबू बायकामुलांपासून लांब, खानावळीत जेवायचे. त्यामुळे बाहेरच्या खाण्यावर त्यांचा फार राग होता.

नोकरीला लागल्यावर साक्षीने पहिल्यांदा सुटी मागितली, तेव्हा तिच्या तोंडून सहज निघून गेलं की गुपचुप खाल्ली, पोट बिघडलं. पाणीपुरीला रायपुरात गुपचुप म्हणतात. श्यामकांतबाबूंना हे कारण इतकं पटलं की साक्षीने तेच धरून ठेवलं. दर महिन्याला गुपचुप, कधी बदल म्हणून चाट. दोन वर्षांत साऱ्या कार्यालयाची खात्री झाली की ही मुलगी गुपचुपच्या नादाने वाया जाणार. श्यामकांतबाबू तिच्या टेबलावर दूषित पाण्याबद्दलची वर्तमानपत्रातली कात्रणं ठेवू लागले. खरं तर साक्षीने त्या दोन वर्षांत एकदाही गुपचुपला हात लावला नव्हता.

खरी गोष्ट वेगळी होती. चौदाव्या वर्षी तिची पाळी सुरू झाली आणि तेव्हापासूनच हे दुखणं मागे लागलं. पाळीच्या आदल्या दिवशी ओटीपोटात कळ उठायची, ती कमरेतून मांड्यांत उतरायची, मग उलट्या. शौचाला बसताना तर डोळ्यांपुढे अंधारी यायची, म्हणून त्या दिवसांत ती जेवायचंच टाळायची. कॉलेजात असताना एका खासगी दवाखान्यात तिचं अपेंडिक्स काढलं. अपेंडिक्स गेलं, दुखणं राहिलं. आई गरम पाण्याची पिशवी द्यायची, ओवा चावायला द्यायची आणि म्हणायची, "सगळ्याईलेच होते बापा. लग्न झालं का जाते." सगळ्यांनाच होतं तर सगळ्या चालतात कशा, हे साक्षीला कळायचं नाही. आपणच नाजूक, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी ती कार्यालयाच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. हातातली पत्रं खालपर्यंत उडाली. तिला उचलून बसवलं ते कमलाने. कमला साहू कार्यालयात शिपाई होती. चार मुली वाढवलेली, पन्नाशीची बाई. श्यामकांतबाबू वरून वाकून गुपचुपवर बोलू लागले, तेव्हा कमलाने त्यांना पाणी आणायला पाठवलं आणि साक्षीच्या कानाशी हळूच म्हणाली, "नोनी, ये गुपचुप के पीरा नोहे."

पोरी, हे गुपचुपचं दुखणं नव्हे, असं सांगायला दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी भेटलं होतं. साक्षीने तोंड फिरवलं आणि तिथेच रडून घेतलं. कमलाच्या लहान बहिणीलाही असंच व्हायचं. तिला बरं वाटलं ते एका मराठी डॉक्टरीणबाईंच्या औषधाने. कमलाने पत्ता सांगितला, साक्षीने तो तळहातावर लिहून घेतला.

आता प्रश्न होता घरचा, आणि घरचा प्रश्न म्हणजे मारोतराव.

साक्षीचे वडील मारोतराव मूळचे नागपूरकडचे. ते रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते आणि वस्तीतल्या बुद्धविहाराच्या समितीचे सचिव. माणूस लाखातला, पण पोटात काही राहायचं नाही. विहारात माईक त्यांच्या ताब्यात असायचा. कोणाच्या मुलाला नोकरी लागली, कोणाचं गावाकडचं भांडण मिटलं, कोणाला मूतखडा झाला, हे सगळं वंदनेनंतर माईकवरून जाहीर व्हायचं. त्यात वाईट हेतू नसायचा. सांगितलं म्हणजे माणसं मदतीला येतात, असं त्यांचं मत होतं. माणसं खरंच यायची, हीच पंचाईत होती. त्यात साक्षीसाठी भिलाईचं एक स्थळ आलं होतं. मुलगा गौतम, पोलादाच्या कारखान्यात नोकरी. लग्न व्हायची पोरगी बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईकडे जाते, एवढं माईकवर गेलं की काय होईल, याचा विचारच कलावतीबाईंना नको होता.

कलावतीबाई म्हणजे साक्षीची आई. आधी त्या जायलाच तयार नव्हत्या. साक्षीने तळहातावरचा पत्ता त्यांच्या नाकासमोर धरला आणि रागाने हिंदीत सांगितलं की तू येत नसशील तर मी एकटी जाते. मग मात्र कलावतीबाईंनी साडी बदलली. दारात मारोतराव सायकल पुसत होते. कुठे निघाल्या, असं त्यांनी विचारलं. खोटं बोलायचा काहीच विचार नव्हता, पण कलावतीबाईंच्या तोंडून निघालं, "माह्या गुडघ्यासाठी. दवाखान्यात जाऊन राहिलो."

"कोणता गुडघा?"

"उजवा," कलावतीबाई म्हणाल्या आणि फाटकापर्यंत लंगडत गेल्या.

डॉक्टर मंजिरी फाटक यांचा दवाखाना एका जुन्या गल्लीत पहिल्या मजल्यावर होता. वाट पाहणाऱ्या बायकांची पोटं पाहून कलावतीबाई पदर डोक्यावर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या. आत गेल्यावर साक्षीने सवयीने सुरुवात केली, "मॅडम, वो गुपचुप खाने से..." आणि स्वतःच थांबली.

डॉक्टरबाई घाईत नव्हत्या. त्यांनी कधीपासून दुखतं, किती दिवस, शाळा किती बुडली असं विचारलं. शौचाला दुखतं का, लघवीला दुखतं का, पाळी नसतानाही दुखतं का, हेही विचारलं. असले प्रश्न साक्षीला आजवर कोणी विचारले नव्हते. एकेक उत्तर देताना तिला वाटू लागलं, की या बाईंनी आपल्याला या दिवसांत कुठून तरी चोरून पाहिलं असावं. मग पोटावरून सोनोग्राफी झाली. डाव्या बाजूच्या अंडाशयात लिंबाएवढी गाठ दिसली, जुन्या रक्ताने भरलेली.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. गर्भपिशवीला आतून एक अस्तर असतं. ते दर महिन्याला वाढतं आणि पाळीत गळून जातं. काही बायकांच्या पोटात तसल्याच अस्तराचे तुकडे पिशवीच्या बाहेरही असतात, कोणाच्या अंडाशयावर, कोणाच्या आतड्याजवळ. महिना भरला की तेही सुजतात, त्यांच्यातूनही रक्त येतं, पण त्या रक्ताला बाहेर जायला वाट नसते. ते तिथेच साचतं, आजूबाजूचं सगळं एकमेकांना चिकटू लागतं, म्हणून इतकं दुखतं. या आजाराला एंडोमेट्रिओसिस म्हणतात.

"तुझी काही चूक नाही, तू नाजूक नाहीस, आणि हे मनाचे खेळही नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "दहा बायकांत एखादीला असतो हा आजार. कळायला मात्र वर्षं जातात. पाळीत दुखायचंच, असं म्हणून सगळे सोडून देतात."

कलावतीबाईंनी लग्नानंतर हे जाईल का, असं विचारलं. लग्न हे औषध नाही, आणि मूल झालं की बरं होतं हेही खरं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "आई, तुम्हाला कधी असा त्रास होता? हे घराण्यात असू शकतं."

"नाही बापा," कलावतीबाई पटकन म्हणाल्या. "मले कधीच नाही."

परतताना दोघी सायकलरिक्षात बसल्या. साक्षी हिशेब लावत होती. तिला आठवत होतं तेव्हापासून आईला पित्ताचा त्रास होता. महिन्यातून दोन दिवस ती आतल्या खोलीत पोटाशी पाय घेऊन पडायची, कपाळावर ओली पट्टी, आणि कोणी विचारलं तर पित्त. डॉक्टर नको, औषध नको. आणि गेल्या चार वर्षांपासून ते पित्त आपोआप बरं झालं होतं.

"आई," साक्षी म्हणाली, "तुह्या पित्ताची तारीख कोणती असे?"

कलावतीबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू चोरी पकडली गेली. मग त्या हसू लागल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लागला आणि बराच वेळ तिथेच राहिला. रिक्षावाल्याने दोनदा वळून पाहिलं. लग्नानंतर नऊ वर्षं त्यांना मूल नव्हतं. सासू दुसऱ्या सुनेची भाषा बोलायची. त्यात आणखी पोटदुखीचं कोण सांगणार? पित्त म्हटलं की कोणी पुढे विचारत नसे. नऊ वर्षांनी साक्षी झाली, सगळ्यांची तोंडं बंद झाली, पण पित्त काही गेलं नाही.

"डॉक्टरणीले काहून नाही सांगितलं मग?"

"सवय पडली ना वं," कलावतीबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी नवाच घोळ झाला. पाळीचं रक्त आणि दुखणं कमी करणाऱ्या त्या गोळ्या पाळणा लांबवण्यासाठीही वापरतात, आणि त्यासाठीच लोकांना माहीत असतात. चिठ्ठी घेऊन साक्षीने दुकानात जायचं नाही, असं आईने बजावलं. वस्तीतलं दुकान तर नाहीच नाही. कलावतीबाई थेट सदर बाजारात गेल्या, जिथे त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं. दुकानदाराने चिठ्ठी पाहिली, त्यांचे पांढरे केस पाहिले आणि कोणासाठी हव्यात असं विचारलं. कलावतीबाईंनी मान ताठ करून सांगितलं, "मेरे लिए." दुकानदाराने नमस्कार करावा तशी मान लववली आणि गोळ्या कागदात बांधून दिल्या. घरी येऊन त्यांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा साक्षी हसून हसून पलंगावर आडवी झाली. गोळ्यांचं पाकीट उडदाच्या डाळीच्या डब्यात गेलं.

तिकडे गुडघा हाताबाहेर जात होता. मारोतरावांनी गोल बाजारातून दोन प्रकारची तेलं आणली आणि कामावरून आल्यावर स्वतः चोळून देऊ लागले. कारखान्यातल्या देवीदास नावाच्या सोबत्याने लसणाचा काढा सांगितला, तो सकाळी उपाशीपोटी सुरू झाला. पौर्णिमेला विहारात वंदना संपली, आणि माईकवरून मारोतरावांचा आवाज आला की आमच्या घरच्या मंडळींना गुडघ्याची तकलीफ आहे, तरी समितीने एका खुर्चीची व्यवस्था करावी. सगळ्या बायका सतरंजीवर आणि कलावतीबाई एकट्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर, असा तो कार्यक्रम पार पडला. शेजारच्या विमलाबाईंची नजर बारीक होती. बाहेर पडताना त्या म्हणाल्या, "मागच्या हप्त्यात तं तू उजवा पाय ओढून राहिली होती. आज डावा?"

"उतरलं ते तिकडे," कलावतीबाई म्हणाल्या.

साक्षी मागे चपला शोधायच्या निमित्ताने वाकून बसली. सरळ उभं राहणं तिला शक्य नव्हतं.

चार महिने असे गेले. गोळ्यांनी साक्षीला आराम पडला. तिसऱ्या महिन्यात तर ती एक दिवसही घरी राहिली नाही, आणि श्यामकांतबाबूंनी कात्रणांचा गुण आला म्हणून तिचं कौतुक केलं. पण पुढच्या सोनोग्राफीत गाठ मोठी झालेली निघाली. दुर्बिणीतून ऑपरेशन करून ती काढावी, असं डॉक्टर म्हणाल्या. पोटावर तीन लहान छेद, दोन दिवस दवाखान्यात. चार महिन्यांच्या खेपा गुडघ्याच्या नावावर निभावल्या होत्या. आता दोन दिवस पोरगी घराबाहेर ठेवायची, ते कोणत्या गुडघ्याच्या नावावर ठेवणार? मायलेकी विचार करत राहिल्या.

त्यांचा विचार पुरा व्हायच्या आत मारोतरावांनी सुटी टाकली आणि बायकोला रेल्वेच्या दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. चार महिन्यांत तेलाने फरक नाही, म्हणजे काहीतरी मोठं असणार, अशी त्यांना धास्ती होती. कलावतीबाईंनी नाही नाही म्हणून पाहिलं. दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे निघाले. डॉक्टरने ते उजेडात धरले, पुन्हा धरले, आणि सांगितलं की अम्मांचे गुडघे पंचवीस वर्षांच्या मुलीसारखे आहेत. उलट मारोतराव खुर्चीवरून उठताना हात टेकतात, म्हणजे एक्स-रे त्यांचा काढायला हवा.

घरी येईपर्यंत मारोतराव एक शब्द बोलले नाहीत, दारात आल्यावरही नाही. हे इतकं अघटित होतं की साक्षीने दार उघडताच ओळखलं, काहीतरी फुटलं. त्यांनी चपला काढल्या, बाजेवर बसले, आणि जमिनीकडे पाहत विचारलं, "कलावती, चार महिन्यांपासून तू दर पंधरा दिवसांनी कुठं जाऊन राहिली? खरं सांग. तुले काय झालं? कॅन्सर असन तरी सांग."

त्यांचा आवाज माईकवरचा नव्हता. कलावतीबाईंना तो ओळखू आला नाही. त्या खाली बसल्या आणि सगळं सांगून टाकलं, साक्षीच्या दुखण्यापासून डाळीच्या डब्यापर्यंत. मध्ये शब्द अडले तिथे साक्षीने डॉक्टरबाईंचा चित्राचा कागद आणून वडिलांपुढे धरला. अशा गोष्टी ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती. पण एकदा सुरुवात केल्यावर ते कागदाकडे मशीनचा नकाशा पाहावा तसे पाहू लागले. हा तुकडा इथे का, याला वाट कुठून, असं विचारू लागले, आणि मग सोपं गेलं.

"मले काहून नाही सांगितलं?" शेवटी ते म्हणाले.

"तुमच्यापाशी माईक आहे," कलावतीबाई म्हणाल्या.

मारोतरावांना ते लागलं. ते उठून अंगणात गेले, नळाखाली तोंड धुतलं आणि परत आले. मग म्हणाले, "मी सगळंच माईकवर नाही सांगत. तुह्या पित्ताची तारीख मले पाठ होती. वीस वर्षं. कोणाले सांगितलं का?"

कलावतीबाईंना एकेक आठवू लागलं. महिन्यातून दोन दिवस मारोतराव डबा नेत नसत. आज कॅन्टीनमध्ये स्पेशल आहे, म्हणायचे. कॅन्टीनचं जेवण घरच्यापेक्षा चांगलं, असंही एकदा म्हणाले होते आणि त्यावरून त्या आठवडाभर रुसल्या होत्या. आज त्यांनी विचारलं, त्या दिवसांत तुम्ही काय खायचे. केळी, मारोतराव म्हणाले. कॅन्टीनमधली भाजी त्यांना कधीच चालली नव्हती.

"मंग विचारलं काहून नाही मले?"

"बाईचं असते काही, म्हटलं. माणसानं विचारू नये." त्यांनी चित्राचा कागद नीट सपाट केला. "विचाराले पाहिजे होतं."

साक्षीला तिथे बसवेना. ती चहा ठेवायला आत गेली, आणि बाहेरून आईबापांच्या हसण्याचा आवाज आला तेव्हाही चहा उकळतच ठेवून उभी राहिली.

ऑपरेशनसाठी साक्षीने पंधरा दिवसांच्या सुटीचा अर्ज लिहिला. कारणाच्या जागी तिने आजाराचं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली हिंदीत सोपा अर्थही दिला, म्हणजे श्यामकांतबाबूंचा घोटाळा नको. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. त्यांचे कान लाल झाले होते. अर्जावर सही करून त्यांनी कमलाला हाक मारली आणि साक्षीच्या टेबलावरची कात्रणं काढून न्यायला सांगितलं. दुपारी ते साक्षीजवळ येऊन थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "बेटी, मेरी पत्नी को भी पेट की शिकायत रहती है. हर महीने." साक्षीने डॉक्टरबाईंचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून त्यांना दिला. बायको भोपाळला असते हे दोघांनाही माहीत होतं, पण त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

ऑपरेशन नीट झालं. गाठ निघाली, चिकटलेला भाग मोकळा झाला. आतड्याजवळचे दोन ठिपके मात्र डॉक्टरांनी जोखीम नको म्हणून राहू दिले. हा आजार मुळासकट जाईलच असं नाही, पुन्हा येऊ शकतो, गोळ्या आणि तपासणी चालू ठेवावी लागेल, असं त्यांनी साक्षीला सांगितलं, आणि ते तिच्याकडे पाहूनच सांगितलं, आईकडे किंवा वडिलांकडे पाहून नाही. साक्षीला ते आवडलं. दवाखान्यात मारोतराव दोन्ही दिवस बाहेरच्या बाकावर बसून होते. तिथल्या बाळंतिणींच्या नवऱ्यांशी त्यांची ओळख झाली, आणि निघेपर्यंत त्यांतल्या तिघांना त्यांनी चित्र काढून सगळं समजावलं होतं. विहारातल्या माईकला मात्र त्यांनी साक्षीला विचारल्याशिवाय हात लावला नाही. तिने थोडं थांबा म्हटलं, ते थांबले. त्यांना ते किती जड गेलं, हे घरातल्यांनाच ठाऊक.

दोन महिन्यांनी भिलाईचे पाहुणे आले. कलावतीबाईंचं म्हणणं होतं की आत्ता काही बोलायचं नाही, लग्नानंतर पाहू. साक्षीने ऐकून घेतलं. पोहे झाले, चहा झाला, गौतमच्या आईने शिवणकाम येतं का विचारलं. मग मुलामुलीने दोन शब्द बोलावेत म्हणून त्यांना अंगणात पाठवलं. साक्षीने तिथे गौतमला सरळ सगळं सांगितलं, मूल व्हायला वेळ लागू शकतो, कदाचित उपचार लागतील, हेही. गौतम भला मुलगा होता. तो गोंधळला, त्याने दोनदा "अच्छा" म्हटलं, आणि घरी विचारून कळवतो म्हणाला. त्याने कळवलं नाही. आठवड्याने मध्यस्थाकडून निरोप आला, पत्रिका वगैरे आपण पाहत नाही, पण योग दिसत नाही.

कलावतीबाई दोन दिवस साक्षीशी बोलल्या नाहीत. साक्षीलाही वाईट वाटलं. मुलगा तिला आवडला होता, हसताना त्याची मान वाकडी व्हायची. पण लपवून त्याच्या घरी गेली असती तर तिथे जाऊन कोणतं पित्त काढलं असतं, हा विचार आला की ती शांत व्हायची.

महिनाभराने दुपारी घरी फोन वाजला. पलीकडे गौतमची आई होती. आधी तिने सगळ्यांची खुशाली विचारली, मग हवापाण्याचं बोलली. मग आवाज खाली गेला. तिची धाकटी मुलगी बारावीत होती आणि दर महिन्याला चार दिवस शाळेत जाऊ शकत नव्हती. गौतमने घरी सगळं सांगितलं, तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच होतं. त्या डॉक्टरणीचा पत्ता मिळेल का, आणि हे आमच्याकडे कोणाला कळू नये, एवढं तिने मागितलं.

कलावतीबाईंनी रिसीव्हर छातीशी धरून साक्षीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर ज्या शिव्या होत्या, त्या सगळ्या अस्सल नागपुरी होत्या. साक्षीने त्यांच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला आणि पत्ता सांगितला. पलीकडे तो लिहून घेतला गेला. मग गौतमची आई म्हणाली, पोरगी एकटीने जायला भिते, आणि मी आले तर ती माझ्यासमोर तोंड उघडणार नाही.

शनिवारी साक्षी त्या मुलीला घ्यायला स्टेशनवर गेली. भिलाईहून आलेल्या गाडीतून ती उतरली, दोन वेण्या, दप्तर पोटाशी घट्ट धरलेलं. वाटेत तिने सांगितलं की तिला फक्त गॅसेस होतात. साक्षी बरं म्हणाली. दवाखान्यात नंबर आला, दोघी आत गेल्या. डॉक्टरबाईंनी कधीपासून दुखतं असं विचारलं, तेव्हा मुलीने आधी साक्षीकडे पाहिलं. साक्षी उठली, दार हळूच लोटून बाहेरच्या बाकावर येऊन बसली.

आत डॉक्टरबाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग ती पोट्टी बोलू लागली, आणि अर्धा घंटा थांबली नाही.